कुलूप काढ आधी : नव्या मुख्याध्यापिकेला पत्र

प्रिय बाळ,

चार्ज घेतलास, खूप बरं वाटलं. प्रभारी का असेना, सही आता तुझीच चालणार. फोनवर तू म्हणालीस की शाळेत प्रोजेक्टर आहे, मोठं पॅनल (टीव्हीसारखा डिजिटल फळा) आहे, कॉम्प्युटर आहेत, कपाटात टॅब पण आहेत, आणि वर्गात मात्र यातलं काहीच दिसत नाही, तर सुरुवात कुठून करू. तेव्हा मागून मुलांचा एवढा गलका चालला होता की नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. जमेल तसं वाच.

सगळ्यात आधी कपाटाचं कुलूप काढ. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत या वस्तू पडून राहतात ते आळसामुळे नाही गं, भीतीमुळे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली की वस्तू माणसापेक्षा मोठी होते. फुटली तर वसुली कुणाकडून, ऑडिटला उत्तर कोण देणार, उद्या बदली झाली तर चार्ज कसा द्यायचा, या विचारानं चांगले चांगले मुख्याध्यापक सुद्धा टॅब कपाटात टाकतात आणि वर्षभर चार्जिंगच न झाल्यानं बॅटरी तिथेच मरतात. म्हणून पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये इतिवृत्तात लिहून टाक की वर्गात शिकवताना एखादी वस्तू बिघडली तर त्या शिक्षकाला जबाबदार धरणार नाही, त्यांनी फक्त नोंद करायची, दुरुस्तीचं शाळा बघेल. हाच ठराव शाळा व्यवस्थापन समितीतही घे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक ठेवलेत, ते काय नुसते सह्यांपुरते नाहीत, आणि पालकांनी एकदा "वापरा" म्हटलं की शिक्षकांचा हात मोकळा होतो हे मी बघितलंय. चावी पण एकट्या तुझ्याकडे नको, तू गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या मीटिंगला गेलीस की त्या दिवशी सगळं बंद, असं होता कामा नये.

दुसरं म्हणजे वीज. सगळे पॅनलच्या इंचांवर बोलतात, अर्थिंगबद्दल कुणी बोलत नाही. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे, प्रोजेक्टरच्या बोर्डाला स्टॅबिलायझर आहे का बघ, आणि वीजबिल हातात घेऊन नीट वाच. सरकारी शाळांसाठी "सार्वजनिक सेवा" असा वेगळा दर आहे, तुमचं मीटर चुकून व्यापारी दरात असेल तर लेखी अर्ज करून बदलून घे. बिल थकून कनेक्शन कापलं गेलं तर डिजिटल शाळा फक्त भिंतीवर रंगवलेली राहते. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेव, आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीला जातानाच, सगळे प्लग सॉकेटमधून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर रिमोटनं बंद करून आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू द्यायचा नाही, घंटा झाली की मुलं धावत जाऊन भिंतीवरचं बटण दाबतात आणि दिव्याचं आयुष्य तिथे कमी होतं. फिल्टर धुळीनं भरतो तोही अधूनमधून ब्रशनं झाडायचा. ही कामं कुणीही करू शकतं, फक्त कुणाची ते ठरलेलं नसतं.

आता एक उदाहरण सांगते, कारण यातच बरंच काही आहे. एका शाळेत गेले तर कॉम्प्युटरला चक्क कापड घालून ठेवलेलं. विचारलं तर म्हणे नेट चालत नाही. राउटरचे दिवे तर लागलेले, मोबाईलला त्याच वायफायवर सगळं चालू, मग कॉम्प्युटरलाच काय झालं? चालू केला, वेबसाइट उघडायला गेले तर "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतंय, एक उघडेना, दुसरी उघडेना. मग उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं तर तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो, तो संपला की बंद केलेला कॉम्प्युटर तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटायला लागतात. सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरू. मशीन चांगलंच होतं, पण दोष नक्की कुठे आहे हे बघणारं कुणी नव्हतं, आणि "नेट चालत नाही" एवढं एक वाक्य सगळ्यांना पुरलं होतं.

म्हणून प्रत्येक वर्गात एक वही लटकव. तारीख, काय करत होतो, स्क्रीनवर काय अक्षरं आली, कुणाला फोन केला, तो कधी आला, किती पैसे गेले, बस एवढंच. शिक्षकांना सांग "बंद पडलं" असं लिहायचं नाही, काय दिसलं ते लिहायचं. सहा महिन्यांनी ती वही उघडून बघ, एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसेल आणि पैसा कुठे घालायचा ते आपोआप कळेल. सप्लायरशी वॉरंटीवरून वाद झाला तर तीच वही कामाला येते, तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही.

पैशाचं सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान मुलांच्या पटावर ठरतं, ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५,००० आणि १०१ ते २५० असेल तर ५०,०००, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं, आणि ते हातात यायला वर्षाचा शेवट उजाडतो असंच धरून चाल. त्यामुळे केबल, रिमोटचे सेल, प्रोजेक्टर जोडायची एक जादाची एचडीएमआय केबल, एक जादाचा चार्जर असल्या किरकोळ गोष्टी शाळा विकास आराखड्यात आधीच लिही. दहापैकी आठ वेळा वर्ग अडतो तो या किरकोळ वस्तूंवरच. मोठी वस्तू द्यायला गावात दाते मिळतात, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामाचा निधी, पण मिळतो, फीत कापायचा कार्यक्रम होतो, छान होतो, पण दात्याला नम्रपणे सांगायचं की साहेब एक इंच कमी द्या पण तीन वर्षांची देखभाल द्या. आणि देणगीच्या वस्तूचं बिल आणि वॉरंटी शाळेच्या नावावर करून घेतल्याशिवाय ताबा घेऊ नकोस, नाहीतर बिघाड झाला की कंपनी म्हणते ग्राहक दुसराच आहे, आणि दाता तोवर दुसऱ्या तालुक्यात फीत कापत असतो.

जुने कॉम्प्युटर लगेच मोडीत काढू नकोस. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि बऱ्याच जुन्या मशीनवर पुढचं विंडोज चढत नाही, पण विंडोजऐवजी चालणारं उबंटूसारखं मोफत लिनक्स चढतं, त्यात मराठी टायपिंग होतं, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उघडतात. केरळमध्ये सरकारी शाळा कितीतरी वर्षं मोफत सॉफ्टवेअरवरच चालतात आणि तिथे काईट नावाची संस्था शाळांच्या पाठीशी उभी आहे, २०१८ पासून "लिटल काईट्स" म्हणून मुलांचेच क्लब आहेत, ती मुलं शाळेतली यंत्रं सांभाळायला हातभार लावतात. तूही सातवीतल्या चार-पाच मुली निवड. मुलीच म्हणतेय मी, कारण मुलगे न सांगता पुढे येतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. जे खरंच मेलंय त्याचं रीतसर निर्लेखन कर, म्हणजे रजिस्टरमधून नोंद कमी कर, आणि ते ई-कचऱ्यातच जाऊ दे, भंगारवाल्याला देऊ नकोस.

आणि आता शिक्षक. तुमच्याकडे ते निवृत्तीला आलेले गुरुजी आहेत ना, ज्यांचं फळ्यावरचं अक्षर बघत राहावं असं आहे, त्यांना प्रशिक्षणाच्या यादीत पहिलं नाव घालून लाजवू नकोस. त्यांच्या वर्गात जा, तपासणीची वही बाहेर ठेवून जा, शेवटच्या बाकावर बस आणि विचार की गुरुजी, मुलांना कुठलं नीट समजत नाहीये? ते म्हणतील विद्युत परिपथ. मग त्याच एका पाठापुरतं मदत कर, फेट (PhET) या मोफत वेबसाइटवरचं परिपथाचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा प्रयोग, मराठीत आहे आणि नेटशिवायही चालतं, किंवा पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर जे उघडतं ते आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेव, म्हणजे ऐन तासाला गोल फिरत बसायला नको. एक पाठ नीट झाला की दुसरा ते स्वतः मागतात. नाही मागितला तरी चालेल, त्यांच्या फळ्यावर मुलं शिकतायत, आणि मुख्याध्यापिकेनं ते सुद्धा तेवढ्याच मानानं बघायला हवं. तरुण शिक्षकांना मात्र आठवड्यातून एक तास मोकळा दे, वेळापत्रकात छापून दे. वेळ न देता "टेक्नॉलॉजी वापरा" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

वरून ग्रुपवर सारखं येईल, फोटो पाठवा, लिंक भरा, ॲप डाउनलोड केलं का. जे आवश्यक आहे ते तू भर, पण शिकवणाऱ्या शिक्षकाला तास सोडून फोटो काढायला उठवू नकोस, तेवढी भिंत तू होऊन राहा. मुलांची माहिती मागणाऱ्या खाजगी ॲपबाबत तर फारच सावध राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी एखाद्या मोफत ॲपला चौथीतल्या पोरीचा फोटो, जन्मतारीख आणि आईचा मोबाईल नंबर आपण का द्यायचा? विचार, लेखी उत्तर माग, नाही मिळालं तर नाही म्हण.

पॅनलचं बिल सापडलं का ते कळव. नसेल तर पॅनलच्या मागच्या बाजूला स्टिकरवर सिरीयल नंबर असतो, तो लिहून घेऊन कंपनीच्या सर्व्हिस नंबरला फोन लाव, वॉरंटी कुठपर्यंत आहे ते सांगतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मला फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
बाई