आजीचा तांब्याचा बंब पुन्हा पेटवताना

साताऱ्याच्या थंडीसाठी माळ्यावरचा पाणी तापवायचा बंब खाली काढलात, फार चांगलं केलंत! पण लगेच पेटवू नका. काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी मधल्या, जाळ करायच्या नळीतून राखेच्या जाळीवर थेंब उतरलेला दिसला, तर समजा डाख, म्हणजे सांध्याचा कथलाचा जोड, सुटलाय. तांबटाकडून नवा डाख लावून घ्या; एमसील (भेगा बुजवायची लुगदी) आगीपुढं टिकत नाही.

रिकामा बंब कधीच पेटवू नका. डाखातलं कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, सांध्याला थंड ठेवतं ते पाणीच. म्हणून नरसाळ्यातून गार पाणी ओतूनच गरम पाणी काढा, पातळी उतरत नाही. वाफेची वाट बुजवू नका. बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं सुटतो. आणि बंद न्हाणीत पेटवणं नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.