पाटीवरचं नाव आणि नळीखालचे शिक्के

प्रश्न : पणजोबांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) दुनळी बंदूक घरात आहे. घोडे बाहेरून, नळ्यांवर वळणावळणाची नक्षी, बाजूच्या पाटीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं कोरलेलं. बघायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘ही वेस्टली रिचर्ड्सच. पॉलिश करून घ्या, भाव दुप्पट येईल.’ परवाना वडिलांच्या नावे चालू आहे. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : पॉलिश करायचं नाही, हे आधी सांगून टाकतो. बाकीचं निवांत बोलू.

वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची, 1812 पासूनची पेढी. ती आपलं नाव पूर्ण कोरायची, कारण त्या नावालाच पैसे पडत. नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे बेल्जियमचं लिएज शहर येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथून नामवंत इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावं घालून स्वस्त दुनळ्या ढिगानं बाहेर पडल्या. अर्थात इंग्लंडातही याच नावाचा एक वेगळा बंदूकवाला होता, म्हणून नावावरून निकाल देऊ नये.

निकाल नळ्यांच्या पोटावर असतो. परवानाधारक बंदूकवाल्याकडे जा. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री झाली की पुढचं लाकूड काढून, खटका दाबून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायला सांगा आणि उलट्या धरा. काडतूस बसतं त्या टोकाला खालून सपाट जागा असते. बंदूक तपासून पास करणाऱ्या चाचणीघराचे शिक्के तिथे असतात, ते भिंगातून बघा. लंबगोलात ई-एल-जी अक्षरं दिसली तर लिएज, विषय संपला. मुकुटाखाली दोन राजदंडांची फुली, एका शिक्क्यात बी-पी-सी आणि दुसऱ्यात व्ही, हे 1904 पूर्वीचं बर्मिंगहॅम. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेलं जी-पी असेल तर लंडन. ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नाही) असे शब्द असतील तर बंदूक 1875 ते 1887 मधली समजा. जवळच 13 आकडा दिसला तर दचकू नका. तो नळीच्या आतल्या व्यासाचा; बारा बोअरच्या पुष्कळ जुन्या बंदुकांवर तो सापडतो.

आता नक्षी. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केल्या की खरी दमास्कस नळी होते. नुसती वरवर काढलेली नक्षीही बाजारात आहे. ती बहुधा लाकडाखाली झाकलेल्या भागात पोचत नाही, तिथे बघा. नळ्या खालच्या बाजूच्या पुढच्या हुकाला दोरीनं टांगून लाकडी दांडीनं हलकेच टिचकवा. घंटेसारखा नाद निघाला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा डाख शाबूत आहे. भद्द वाजलं तर तो कुठेतरी सुटलाय.

दर्जासाठी संग्राहक बहुधा अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची मोजपट्टी वापरतात. जुन्या बंदुकीवर मूळ रंग 80 टक्क्यांहून जास्त असेल तर ‘एक्सलंट’, 30 टक्क्यांहून जास्त तर ‘फाइन’, त्याखाली ‘व्हेरी गुड’. घासून साफ केलेली किंवा पुन्हा रंगवलेली बंदूक थेट ‘गुड’मध्ये जाते. म्हणजे तुमची दुनळी आज ‘फाइन’ असली, तर ते गृहस्थ तिला पैसे घेऊन दोन पायऱ्या खाली उतरवणार! स्क्रूच्या खाचाही बघा. चांगल्या इंग्रजी कामात त्या नळीच्या रेषेत उभ्या बसवलेल्या असतात. वाकड्या आणि चेचलेल्या असतील तर कुणीतरी घरगुती हत्यारानं हात मारलेला आहे.

आणि दिवाळीला हौस म्हणून बार काढू नका. या नळ्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या, आजचं काडतूस त्यांच्यासाठी नाही.

प्रश्न : शंभर वर्षांची बंदूक ‘अँटिक’ धरतात, मग तिला परवाना कशाला? अमेरिकेतला पुतण्या मागतोय, पाठवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या वयानं सुटका होत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. बारा बोअरची चालती दुनळी त्यात बसत नाही. परवाना नसेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाचा अर्ज करा. पुतण्याचं म्हणाल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याला फोटो पाठवा, शिक्क्यांचेसुद्धा.