'गाउज' म्हणजे कोरणं की लुबाडणं? आणि त्याच्याऐवजी कुठला शब्द वापरायचा?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी वाचताना 'गाउज' (gouge) शब्द दोनदा भेटला, एकदा लाकडाच्या कामात आणि एकदा बातमीत वस्तूंच्या किमतीबद्दल, तर हे दोन वेगळे शब्द आहेत का आणि त्याला पर्यायी शब्द कोणते. शब्द एकच आहे. लाकडाचा अर्थ डोळ्यासमोर आणल्याशिवाय पैशाचा अर्थ नीट कळत नाही असं माझं मत आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

त्याआधी उच्चार, कारण यात भलेभले फसतात. 'आउट' मधला आउ घ्या, त्याच्या आधी ग लावा आणि शेवटी 'जीव' मधला ज, 'जोर' मधला नाही. मापाचा जो 'गेज' असतो त्याच्या आणि याच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, गेजमध्ये ए-यू आणि यात ओ-यू. टाइप करताना हात घसरला तर स्पेलचेकसुद्धा काही बोलत नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

आता हत्यार. साध्या पटाशीची धार सरळ असते, गाउजची धार गोलाई घेतलेली, म्हणजे एखादी नळी उभी चिरून अर्धी ठेवली आणि तिच्या टोकाला धार लावली असं समजा. ती लाकडात दाबून पुढे ढकलली की मागे पन्हळीसारखी खाच पडते. कोरीवकामवाल्यांच्या गाउजना नंबर असतात, लहान नंबर म्हणजे जवळजवळ सपाट, 9 च्या आसपास अर्धगोल आणि 11 म्हणजे खोल यू. मी हौसेने थोडे दिवस लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप काढणं, केलंय, त्यातही हेच हत्यार लागतं, आणि माझा पहिला धडा असा की जोर जरा जास्त लावला की ते सटकतं आणि नको तिथला अख्खा लचका काढून मोकळं होतं. तो खड्डा परत भरता येत नाही. त्या खड्ड्यालाही इंग्रजीत गाउजच म्हणतात.

म्हणून क्रियापद म्हणून वापरताना त्यात थोडा राकटपणा असतो. मूर्ती सुबक कोरली म्हणायचं असेल तर 'कार्व्ह', अंगठीवर नाव कोरलं तर 'एनग्रेव्ह', ॲसिडने धातूवर रेघा उमटवल्या तर 'एच' (etch), चाकूने काडी तासत बसलाय तर 'व्हिटल', मऊ काहीतरी चमच्याने काढलं तर 'स्कूप'. यातल्या कशाच्याही जागी गाउज टाकलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की काहीतरी खरवडून खराब केलं. कौतुक करायचं असेल तर हा शब्द नकोच. मात्र फर्निचर सरकवताना फरशीवर खोल ओरखडा पडला, किंवा हिमनद्यांनी डोंगर खरवडून दऱ्या केल्या, तिथे तो फिट बसतो, भूगोलाच्या पुस्तकांत तर नेहमी दिसतो. डोळे काढणे यालाही 'गाउज आउट'च म्हणतात, वाचतानाच अंगावर काटा येतो.

आता पैसा. हा अर्थ अमेरिकेत 19व्या शतकात रुळला आणि अजूनही मुख्यतः तिकडचाच आहे, आता ऑस्ट्रेलियातल्या बातम्यांतही दिसतो, ब्रिटिश माणूस बोलताना सहसा 'रिप-ऑफ' म्हणेल. मी भाषांतराची कामं करतो आणि सुरुवातीला एका लेखात 'प्राइस गाउजिंग' चं सरळ 'भाववाढ' करून टाकलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून एवढंच विचारलं, भाव वाढला की कुणी वाढवला? बरोबर होतं त्यांचं. माल कमी आला म्हणून भाव चढला, ती भाववाढ. समोरचा अडलाय, दुसरीकडे जाऊ शकत नाही हे बघून कुणी मुद्दाम तिप्पट लावला, ते गाउजिंग. लाकूड जसं शिकंज्यात धरलेलं असतं तसा गिऱ्हाईक. 2004 मध्ये फ्लोरिडात चार्ली चक्रीवादळ येऊन गेल्यावर दोन डॉलरची बर्फाची पिशवी दहा डॉलरला विकली गेली, वीज नाही, फ्रीज बंद, घेणार नाही तर करणार काय. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत याविरुद्ध कायदे आहेत, न्यूयॉर्कचा 1979 चा, आणि कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झाली की गरजेच्या वस्तूंचा भाव आधीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढवणं साधारणपणे गुन्हा धरतात. त्यामुळे तिथे हा नुसता चिडून वापरायचा शब्द राहिलेला नाही, कायद्याच्या चर्चेतला झालाय. मराठीत मी आता 'अडवून लुबाडणं' किंवा 'नाडणं' करतो. 'अडला हरी' मधला जो अडला आहे ना, तो यात असायलाच हवा.

पर्यायी शब्द निवडताना हेच बघा. 'ओव्हरचार्ज' सगळ्यात मवाळ, त्यात चूकही असू शकते, बिलात एक आयटम दोनदा लागला तरी ओव्हरचार्जच. 'रिप ऑफ' म्हणजे गंडवलं, माल दिला पण त्या पैशाच्या लायकीचा नाही, इथे माणूस अडलेला असायची गरज नाही, भोळा असला तरी पुरे. 'फ्लीस' म्हणजे मेंढीची लोकर उतरवतात तसं पार भादरून काढणं, आपल्याकडे 'हजामत केली' म्हणतात ते बरंच जवळचं. 'प्रॉफिटिअरिंग' जरा मोठ्या पातळीवरचं, युद्ध, टंचाई, साठेबाजी असल्या गोष्टींसोबत येतं. 'स्काल्पिंग' तिकिटांच्या काळ्या बाजारासाठी. 'एक्स्टॉर्शन' मात्र जपून, त्यात धमकी असते, खंडणीच ती. आणि 'एक्झॉर्बिटंट' हे विशेषण आहे, भाव अव्वाच्या सव्वा आहे एवढंच ते सांगतं, कुणावर आरोप करत नाही.

गंमत म्हणजे 'चिझल' चीही हीच कथा, पटाशी पण आणि फसवणं पण, आणि 'चिझलर' म्हणजे लबाड. पण एखाद्या हिरोचा जबडा 'चिझल्ड' म्हटला की ती स्तुती! गाउजच्या नशिबात तेवढंही नाही.

वाक्यात वापरताना एक चूक फार दिसते. आपण 'भाव गाउज केले' असं करायला जातो, पण इंग्रजीत कर्म साधारणपणे माणूस असतो, कंपनी गिऱ्हाइकांना गाउज करते, भावांना नाही. भाव फक्त 'प्राइस गाउजिंग' या जोडशब्दात पुढे येतो. आयएनजी लावताना शेवटचा ई गळतो. आणि स्वतःबद्दल बोलताना 'वुई गॉट गाउज्ड' म्हणालात तर ऐकणारा समजेल की तुम्हाला भाव माहीत होता, पटत नव्हता, तरी द्यावा लागला. 'वुई गॉट रिप्ड ऑफ' म्हणालात तर समजेल की घरी आल्यावर कळलं.