क्षेत्रकार्याला जाताना : विद्यार्थ्यांचे प्रश्न

क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे समाजकार्याच्या प्रत्यक्ष सरावासाठी, मी ज्या संस्थेत जाते तिथे सगळे मला 'मॅडम' म्हणतात. विद्यार्थिनी आहे म्हटलं तर लोक मोकळं बोलणार नाहीत, असं वाटतं. सांगायलाच हवं का?

हो, आणि पहिल्याच भेटीत. घरातलं भांडण, आजारपण, कर्ज आपण कुणापुढे मांडतोय, हे माणसाला ठाऊक असलंच पाहिजे. एवढंच म्हणा : "मी समाजकार्य शिकतेय. अमुक महिन्यापर्यंत आठवड्यातून दोन दिवस येईन. आपलं बोलणं मला माझ्या पर्यवेक्षकांना सांगावं लागतं. चालेल ना?" यातलं शेवटचं वाक्यच बहुतेक जण गाळतात. कुणी "नको" म्हणालं, तर गळ घालू नका. संस्थेतल्या कार्यकर्त्यांना कळवा.

चौदा वर्षांच्या मुलीने "कुणाला सांगणार नसाल तर सांगते" म्हटलं. मी शब्द दिला. मग तिने घरी मारहाण होते असं सांगितलं. आता?

हा अंक बाजूला ठेवा आणि आधी संस्थेतल्या पर्यवेक्षकांना गाठा. उद्यावर टाकू नका. समाजकार्याचे अमेरिकी प्राध्यापक फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करण्याच्या कामाची, सात तत्त्वं मांडली. त्यात गोपनीयता आहे, पण ती अमर्याद नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. समाजकार्याच्या २०१८ च्या जागतिक नीतितत्त्वांतही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर अपवाद आहे. तुम्ही दिलेला शब्द चुकीचाच होता. पण चूक झाकण्यासाठी गप्प राहिलात, तर मार त्या मुलीला बसेल.

तिला खोदून खोदून विचारू नका. तीच हकीकत चार जणांपुढे सांगायला लागणं हाही छळच असतो. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा. पालकांना परस्पर जाब विचारायला जाऊ नका. आणि तिला अंधारात ठेवू नका. पर्यवेक्षकांशी ठरवून तिला सांगा : "मी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं, ते चुकलं. तुला सुरक्षित ठेवायचं तर हे सांगावंच लागतं." ती रागावेल. रागावू द्या. पुढच्या वेळी मुलाने अशी अट घातली, तर शब्द देण्याआधीच ही मर्यादा सांगा.

दोन आठवड्यांच्या नोंदी राहिल्यात. अंदाजाने लिहून दिल्या तर?

नाही. उशीर माफ होतो, बनवलेली नोंद होत नाही, कारण तिच्यावरून कुणाची तरी मदत ठरते किंवा अडते. आठवतं तेवढंच लिहा आणि कधी लिहिलंत ती तारीखही घाला.

नोंदींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. एका वहीत मी वाचलं : 'आई मुलाकडे दुर्लक्ष करते.' विद्यार्थ्याला विचारलं, तुला नेमकं काय दिसलं? तो म्हणाला, बाळ रडत होतं आणि आई झोपली होती. पुढच्या भेटीत कळलं, ती रात्रपाळी करून तासाभरापूर्वीच घरी आली होती. तेव्हापासून पानाच्या एका बाजूला पाहिलेलं-ऐकलेलं आणि दुसऱ्या बाजूला स्वतःला काय वाटलं ते, असं मी लिहून घेते. वहीत खरी नावं नकोत. वही प्रवासात हरवतेच कधीतरी.

मी संस्थेत ज्या गटासोबत काम करते, त्यातल्या मुलाने इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवली आहे.

स्वीकारू नका. ताटकळतही ठेवू नका. भेटल्यावर कारण सांगा आणि संस्थेचा नंबर द्या.

शेवटचा महिना आलाय. एक आजोबा "पुढच्या वर्षीही येशील ना?" विचारतात. काय सांगू?

"येईन" म्हणू नका, "बघू" तर अजिबातच नको. ते वाट बघत बसतील. शेवटची तारीख आजच सांगा, दर भेटीत तिची आठवण द्या. मधल्या एका भेटीला, पुढे येणार असलेल्या कार्यकर्त्याला सोबत न्या. त्या दिवशी तुम्ही कमी बोला. आजोबांना त्यांच्याशी बोलू द्या.