अंतर्वेशन म्हणजे अंदाज नव्हे

कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: सिग्नलचे नमुने (ठरावीक अंतराने टिपलेल्या किमती) घेऊन त्यांतून तो पुन्हा उभा करायच्या कृतीला मराठीत ‘अंतर्वेशन’ म्हणावं की ‘पुनर्रचना’?

दोन नमुन्यांमधली किंमत काढणं हे अंतर्वेशन. त्यातून मूळ सिग्नल हाती आला, तर ती पुनर्रचना. झालं उत्तर. पण प्रश्नात जाता जाता ‘अंतर्वेशन, म्हणजे मधल्या जागा अंदाजाने भरणे’ असंही लिहिलंय, ते काही मला सोडवत नाही. क्लासवाल्यांपासून व्हिडिओवाल्यांपर्यंत जो तो हेच घोकतोय.

सिग्नलमधली वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, ठरावीक हद्दीच्या वर जात नसेल आणि नमुने त्या हद्दीच्या दुपटीहून जास्त वेगाने घेतले असतील, तर त्या नमुन्यांतून जाणारा हद्दीतला सिग्नल एकच असतो. मग अंदाज कसला? इंग्रज गणिती व्हिटेकर 1915 मध्ये, रशियन अभियंता कोतेल्निकोव्ह 1933 मध्ये आणि अमेरिकी अभियंता शॅनन 1949 मध्ये हेच सांगून गेले. प्रत्येक नमुन्यावर ‘सिंक’ (sinc) नावाची एक लाट उभी करायची. ती आपल्या जागी 1 आणि बाकी सगळ्या नमुन्यांच्या जागी 0. तिला त्या नमुन्याच्या किमतीने गुणायचं आणि सगळ्या लाटांची बेरीज करायची. आता दोन नमुन्यांच्या बरोबर मध्ये बघा: लगतच्या दोघांचा वाटा प्रत्येकी 0.637, त्यांच्या पलीकडच्यांचा उणे 0.212, मग पुन्हा अधिक 0.127, असं चिन्ह पालटत लांबवर. सरळ रेघ मारणारा 0.5-0.5 लावून मोकळा होतो. अंदाजपंचे म्हणायचं तर त्याला म्हणा. आणि ‘दुपटीहून जास्त’ हेही उगाच नाही. सेकंदाला एक आवर्तन करणारी साइन लाट सेकंदाला बरोबर दोनदा, नेमकी शून्य ओलांडताना टिपली, तर हाती नुसती शून्यं येतात. सिंक दोन्हीकडे अनंत पसरते, म्हणून प्रत्यक्षात ती कुठेतरी तोडावी लागते आणि थोडी चूक राहते, एवढं मान्य.

ही अंदाजाची बदनामी ‘इंटरपोलेशन’ या इंग्रजी शब्दाच्या खानदानातून आली असावी. लॅटिन ‘इंटरपोलारे’ म्हणजे जुनी वस्तू घासूनपुसून नवी करणं, आणि त्यावरून लिखाणात मागाहून मजकूर घुसडणं. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पदरची ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटलं, तोच हा उद्योग. गणितात हा शब्द इंग्रज गणिती वॉलिसने 1656 मध्ये आणला. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने 665 मध्येच ‘ज्या’च्या (म्हणजे साइनच्या) कोष्टकातल्या मधल्या किमती दुसऱ्या फरकापर्यंत, म्हणजे फरकांच्याही फरकापर्यंत, जाऊन काढल्या होत्या, ते असो.

आपला शब्द स्वच्छ आहे. धातू ‘विश्’, आत शिरणे. प्रवेश, निवेश, समावेश, सगळी एकाच घरची मंडळी. आणि माझ्या मते गावाची वेससुद्धा! जिथून गावात शिरायचं ती वेस. आमच्या गंगावेशीतल्या पाट्या बघा, कुणी ‘गंगावेस’ लिहितो, कुणी ‘गंगावेश’. माझे एक भाषाशास्त्री स्नेही यावर हसतात. ‘वेशीवर’मधला श केवळ पुढच्या ई-मुळे आला, म्हैस-म्हशीसारखा, असं ते ठणकावून सांगतात. अहो, पण म्हैस मुळात महिषी! रास मुळात राशी, कूस मुळात कुक्षी, मूस मुळात मूषा. यांतल्या एकातही मूळचा स नाही. मग एकट्या वेशीलाच जातीचा दाखला का मागता? त्यांनी मूळ स असलेली दोन नामं आणून दाखवावीत, मग बोलू. तोवर अंतर्वेशन आणि गंगावेस सख्खे, असंच मी म्हणणार.

पुनर्रचनेचं राहिलंच. राज्य पुनर्रचना 1956 मध्ये झाली तेव्हा नकाशा बदलला. मराठीत पुनर्रचना म्हटलं की मांडणी नव्याने होते. इथे नवं काहीच करायचं नाही, होतं तेच परत मिळवायचंय. पाठ्यपुस्तकात काहीही असो, मी ‘पुनःप्राप्ती’ लिहितो. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहा, गुण तपासनीस देतात.