पत्र्याची व्हॅन, मराठवाड्याचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न

जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन तिची राहण्याजोगी गाडी करण्याविषयी बरीच पत्रे आली. निम्म्याहून अधिक पत्रांत कपाटांची रचना विचारली आहे. गंज, ऊन आणि वजन यांबद्दल मात्र फार थोड्यांनी विचारले. पैसे वाया जातात ते याच तीन ठिकाणी, म्हणून उत्तरांचा भर तिथे ठेवला आहे.

प्रश्न (परभणी) : कुरिअरची नऊ वर्षे वापरलेली बंद बॉडीची व्हॅन मिळते आहे. मागची जागा आतून दहा फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सहा फूट उंच. घेण्याआधी काय पाहावे? आरटीओचे काय?

इंजिनाच्या आवाजाला भुलू नका, ते दुरुस्त होते. कुजलेली बॉडी होत नाही. मागचे रबरी मॅट पूर्ण उचलायला लावा. मडगार्डचे आतले अंग, दाराखालच्या पट्ट्या, छताची पन्हळ आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, इथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेले तर तो पत्रा गेलेला आहे. फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक बाहेरून सगळीकडे फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दूध किंवा मासळी वाहिलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मिठाचे आणि आंबट पाणी फ्लोअरच्या जोडांत शिरलेले असते, आणि वास पहिल्या उन्हाळ्यात परत येतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचे रस्ट कन्व्हर्टर, वाळल्यावर प्रायमर, मग रंग. जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. सिलिकॉन नको. ते पुढे सुटते, आणि त्यावर रंगही बसत नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत (नोंदणी प्रमाणपत्रात) नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. छप्पर उंचावणे, बाजूला खिडक्या कापणे, मागे सीटा बसवणे हे सगळे त्यात येते. केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार आहे, पण मालवाहू नोंद त्यात बदलून घेणे हे वेगळे काम आहे. पहिला पत्रा कापायच्या आधी आराखडा घेऊन आरटीओत मोटार वाहन निरीक्षकाला भेटा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद मालवाहूच राहणार असेल तर आतले सगळे बोल्ट काढून उचलता येईल असेच बनवा. चालत्या गाडीत मागे माणसे बसवू नका. मागची जागा फक्त गाडी उभी असताना झोपण्यासाठी.

प्रश्न (नांदेड) : छताला आतून थर्माकोल चिकटवला, त्यावर चांदीचा कागद आणि वर प्लाय लावला. तरी मे महिन्यात आत भट्टी. थर्माकोल काही ठिकाणी वितळल्यासारखा झाला आहे.

थर्माकोल उन्हाने नव्हे, बहुधा गोंदाने खाल्ला. सॉल्व्हंट असलेला रबरी अॅढेसिव्ह लावला की थर्माकोल विरघळतो. तो वापरायचाच तर पाण्यावर आधारित गोंद हवा. चांदीच्या कागदाचे म्हणाल, तर तो उष्णता परतवतो ती समोर मोकळी हवा असेल तेव्हाच. दोन थरांमध्ये दाबून चिकटवला की तो साध्या ॲल्युमिनियमसारखा उष्णता पुढे देतो. कागदाच्या एका बाजूला निदान पाऊण इंच पोकळी ठेवा, नाहीतर तो खर्चच करू नका.

तिसरी चूक सगळेच करतात. छताच्या आडव्या लोखंडी कमानी उघड्या राहतात किंवा प्लाय थेट त्यांच्यावर स्क्रूने बसवतात. सगळ्या छताला थर दिला आणि कमानी सोडल्या तर उष्णता त्याच वाटेने आत येते. कमानीवर सहा मिलिमीटर फोमची पट्टी चिकटवून मगच प्लाय बसवा.

आमचा सल्ला : क्लोज्ड सेल नायट्राइल फोम (पाणी न शोषणारा रबरी फोम), छताला १९ मिलिमीटरचे दोन थर, बाजूंना एक. परभणीकरांच्या मापाच्या गाडीला छत ५५ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून १२० आणि चालकामागची आडभिंत ३३, म्हणजे २०८ चौरस फूट. छताचा दुसरा थर धरून सुमारे २६५, आणि काटछाटीला दहा टक्के वाढवा. ग्लासवूल मुळीच नको. जुलैत ते ओलावा धरते आणि पत्रा आतून कुजतो.

याहून स्वस्त उपाय बाहेर आहे. छताला पांढरा रंग द्या. सोलर पॅनल छताला चिकटवू नका, दोन इंच उचलून बसवा. ३३० वॅटच्या पॅनलखाली सुमारे २१ चौरस फूट छत सावलीत येते आणि खालून वारा खेळतो.

फोमने उष्णता थांबत नाही, उशिरा येते. संध्याकाळी सातला बाहेर निवते, पण आतला प्लाय आणि गादी तापलेलीच असते. ती हवा बाहेर काढायला छतात एक्झॉस्ट पंखा आणि खाली सावलीच्या बाजूला जाळीची झडप लागते. भोकांचे काम आराखड्यात दाखवा. एसीचा नाद सोडा. एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते, बारा व्होल्टचा छोटा कूलर उत्तम चालतो. मात्र समोरची झडप उघडी हवी, नाहीतर आत दमटपणा साचतो. पावसाळ्यात तो काढून घरी ठेवा.

प्रश्न (लातूर) : फ्रिज, पंखा, दिवे आणि इंडक्शन चालवायचे आहे. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी चालेल का?

चालेल, पण आत नको. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, खड्ड्यात ॲसिड हिंदकळते, वजन ५५ किलोच्या पुढे, आणि १८०० वॅट-तासांतले निम्मेच वापरले तर ती टिकते. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तासांची, त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १०२० सहज वापरता येतात.

हिशेब असा, आकडे वॅट-तासांत. ४५ वॅटचा डीसी फ्रिज उन्हाळ्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो : ५४०. पंचवीस वॅटचा पंखा दहा तास : २५०. पाच वॅटचे चार दिवे चार तास : ८०. मोबाइल : ४०. बेरीज ९१०, म्हणजे एक दिवस निघतो. ३३० वॅटचे पॅनल आडवे, तापलेले आणि धुळीने माखलेले धरले तरी उन्हाळ्यात हजाराच्या वर देते. त्याचे ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेले) ४५ च्या आसपास असते, म्हणून ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचे जादा व्होल्टेज बॅटरीजोगे उतरवून करंट वाढवणारा) घ्या. पीडब्ल्यूएम (साधा, स्वस्त कंट्रोलर) लावला तर निम्म्याहून जास्त वीज फुकट जाते. पावसाळ्यासाठी गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून) २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर : दोन तास गाडी चालली की सुमारे ५०० वॅट-तास. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती ओढेल तितका करंट घेते आणि अल्टरनेटर जळतो.

इंडक्शन वगळा. १५०० वॅटला बारा व्होल्टवर १४० अँपिअरच्या आसपास करंट लागतो, आणि १०० एएच बॅटरीचा बीएमएस (बॅटरीच्या आतले संरक्षक सर्किट) बहुधा १०० वरच तोडतो. भाजी अर्धी शिजली की अंधार.

वायरीत कंजुषी नको. बॅटरीपासून फ्रिज चार मीटरवर असेल तर वायर जाऊन-येऊन आठ मीटर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दहा अँपिअरला जवळजवळ ०.६ व्होल्ट पडतात, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त, आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. सहा चौरस मिलिमीटर वायरीत हाच घसारा पाव व्होल्टवर येतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. फ्यूज वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही, म्हणून तो वायरीच्या क्षमतेवरून निवडा. बॅटरी खाली, सावलीच्या बाजूला, हवेशीर खोक्यात ठेवा. बॅटरीचे तापमान ४५ ते ५५ अंशांवर गेले की बीएमएस चार्जिंग थांबवतो, आणि ऐन उन्हात पॅनल असून चार्ज होत नाही अशी तक्रार येते.

प्रश्न (बीड) : पलंग आणि कपाट सेल्फ टॅपिंग स्क्रूने बसवले. दोन महिन्यांत सगळे खडखडू लागले.

पातळ पत्र्यात तो स्क्रू एक-दीड आट्यावरच उभा असतो, हादऱ्याने भोक मोठे होते. तिथे एम-८ रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट) बसवा किंवा आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉन कड्यामुळे हादऱ्याने न सुटणारे) वापरा. फ्लोअरला भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी आणि ब्रेकची पाइप कुठून जाते ते पाहा.

पलंग एक इंची चौरस पाइपचा, १६ गेजचा, सहा फूट बाय चार फूट, लांबीतच ठेवा. साडेपाच फूट रुंदीतून दोन्ही बाजूंचा फोम आणि प्लाय गेला की सव्वापाच फूट उरतात, आडवे झोपता येत नाही. प्लाय १८ ऐवजी १२ मिलिमीटर : आठ बाय चारच्या एका शीटमागे दहा-बारा किलो वाचतात. काम झाल्यावर पाणी, गॅस, सामान, माणसे सगळे भरून मोंढ्यातल्या वजनकाट्यावर आधी एकटा मागचा ॲक्सल आणि मग पूर्ण गाडी घाला. आकडा आरसीवरच्या ग्रॉस वजनाच्या खाली पाहिजे. मागचा टायर फुटण्याची पाळी बहुधा न केलेल्या या वजनातून येते.

प्रश्न (जालना) : सिलिंडर आत ठेवता येईल का?

पाच किलोचा छोटा, उभा, पट्ट्याने बांधलेला. १४.२ किलोचा नको, भरलेला तीस किलोच्या घरात जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणून सिलिंडरचे खोके आतून पूर्ण बंद करा आणि त्याच्या तळाला दोन इंचाचे भोक थेट गाडीखाली उघडा, सायलेन्सरपासून लांब. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतात, पण गाडीतल्या हादऱ्यांमुळे तीन वर्षांतच बदललेली बरी. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडीने कधीच नाही. गाडी हलवण्याआधी रेग्युलेटर बंद. शेगडी पेटवून दारे लावून झोपू नका, ऊब हवी असली तरी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : पाण्याची टाकी किती लिटरची?

दोघांना दोन दिवसांना ४० लिटर पुरे, म्हणजे वीस-वीसचे दोन कॅन. मोठी टाकी धुता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने पंपाची जाळी क्षाराने बंद होते, दर महिन्याला ती व्हिनेगरमध्ये भिजवा. सांडपाण्यालाही तेवढाच कॅन ठेवा. वेरूळला किंवा पैठणला गाडी लावून खाली पाणी सोडू नका.

प्रश्न (धाराशिव) : पावसाळ्यात शेतात मुक्काम केला तर?

काळ्या रानात मुळीच उतरू नका. ती माती पाण्याने फुगते, टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत करते, आणि भरलेली व्हॅन जागच्या जागी बसते. रात्री कोरडे दिसणारे रान पहाटेच्या एका सरीने बदलते. मुरमाची जागा शोधा, ओढ्याच्या पात्रापासून वर, तोंड बाहेरच्या बाजूला करून. गाडीत तीन फुटी जाड फळ्या दोन ठेवा. जॅकखाली घालायला १८ मिलिमीटर प्लायचे एक फूट बाय एक फुटाचे दोन तुकडे एकावर एक बोल्टने जोडून घ्या, नाहीतर गाडी वर उचलण्याऐवजी जॅकच मातीत जातो.