टोमण्याची गाणी लिहिणारे आमचे बुवा आणि पडवीतल्या रेकॉर्डी

तुम्ही विचारलंय की आमच्या पिढीने तरुणपणी विनोदी रेकॉर्डी कोणत्या ऐकल्या, टोमणे मारणारी गाणी लिहिणारे कोण होते, आणि आज नव्याने ऐकायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी. मी राजापूर तालुक्यातला, जैतापूरच्या खाडीकाठचा. जन्म १९६३ चा. त्यामुळे माझ्या उत्तरात मोठ्या शहरांतली नाट्यगृहं कमी आणि आमची पडवी, खळं आणि गणपतीतले मांडव जास्त येतील.

आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. मुंबईला गोदीत कामाला असलेला काका एका गणपतीत रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. पेटीसारखा मिटणारा, सेलवर चालणारा. सोबत चार-पाच छोट्या रेकॉर्डी सिनेमातल्या गाण्यांच्या, एक अभंगांची, आणि एक मोठी तबकडी पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ची. गणपतीचे दिवस संपले, काका मुंबईला गेला, प्लेअर मात्र गावातच राहिला. सेल उतरायला लागले की पुलंचा आवाज जड व्हायचा, शब्द ताणले जायचे, आणि आम्ही पोरं त्यालाच हसून घ्यायचो. मग सेल काढून दिवसभर खळ्यात उन्हात ठेवायचे. संध्याकाळी त्यावर अजून एक बाजू वाजायची.

मोठ्या तबकडीची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात काय काय ऐकलंय! मागे प्रेक्षकांचं हसू ऐकू यायचं, आणि त्या हसण्याच्या आधी पुलं जो थांबा घ्यायचे, तो आम्हाला पाठ झाला होता. चेहरा दिसत नसताना माणूस नुसत्या थांबण्यातून हसवतो, हे मी तिथे शिकलो.

पण आमच्या पडवीत ती रेकॉर्ड वेगळ्याच कानांनी ऐकली जायची. वाडीतल्या निम्म्या बायांचे नवरे मुंबईला, लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांमध्ये. एका खोलीत वीस-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. पुलंची चाळ पांढरपेशांची, आमच्या माणसांची गिरणगावातली. तरी बाया कान देऊन बसायच्या, कारण नवरा वर्षातले अकरा महिने जिथे राहतो ती जागा त्यांना त्या आवाजातून थोडीफार दिसायची. शेजारच्या काकूंनी एकदा रेकॉर्ड थांबवायला लावून विचारलं, “नळावर खरंच येवढं भांडतंत?” काका गप्प बसला. त्या हसण्यात किती गोष्टी मिसळलेल्या होत्या, ते मला फार पुढे कळलं.

आता तुमच्या प्रश्नाच्या मधल्या भागाकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. टोमण्याची गाणी लिहिणारे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ज्याचं नाव कुठल्याही तबकडीवर छापलं गेलं नाही असा माणूस येतो. आमच्या जाखडीचे बुवा.

जाखडी, म्हणजे ज्याला मुंबईकर बाल्या नाच म्हणतात, तुम्ही कदाचित पाहिली असेल. पायात घुंगरांचे चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात, मधे बुवा बसतात, बाजूला ढोलकी, झांज आणि बुवांची ओळ मागून ओढणारे, म्हणजे पुन्हा गाणारे, झीलकरी. आधी गण, मग गौळण, आणि मग सवाल-जवाब. शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले, म्हणजे शिवाच्या बाजूचे, दुसऱ्या. शक्ती मोठी की शिव मोठा यावरून सुरू झालेला वाद रात्र चढेल तसा गावातल्या गोष्टींवर उतरतो, आणि खरी मजा तिथे असते. समोरच्या बुवाने काय गायलं ते ऐकायचं आणि पुढचा नाच संपेपर्यंत उत्तर तयार ठेवायचं.

आमचे बुवा मुंबईला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. शिक्षण चौथी. गणपतीच्या दोन आठवडे आधी रजा टाकून यायचे आणि काकाचा प्लेअर घरात आल्यापासून थेट आमच्या पडवीत येऊन बसायचे. त्यांना चाल हवी असायची. जाखडीच्या नव्या गाण्यांना सिनेमातल्या चाली घ्यायची पद्धत तेव्हा जोरात होती. माझं काम रेकॉर्ड लावायचं. “पोरा, परत लाव.” मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचो. “आता नुसतं कडवं.” कडवं कुठे सुरू होतं ते तबकडीच्या रेघांवरून ओळखायला मी त्यांच्यामुळे शिकलो, थोडी चकाकी बदलते तिथे. बुवा डोळे मिटून अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायचे. मूळ शब्द त्यांच्या कामाचे नसायचे, त्यांना फक्त माप घ्यायचं असायचं, शिंपी घेतो तसं. मग शंभर पानी वहीत पेन्सिलीने एक ओळ. खोडायची. पुन्हा एक ओळ. पेन्सिल जिभेला लावून लिहायची सवय होती, ओठाला कायम निळसर डाग.

एका वर्षीचं गाणं सांगतो. आमच्या वाडीत यायला मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. पावसात शाळेची पोरं कमरेएवढ्या पाण्यातून यायची. साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देतो म्हणून प्रत्येक निवडणुकीला कुणी ना कुणी येऊन नारळ फोडून जायचं. त्या वर्षी मांडवात पहिल्या रांगेत गावचे तेव्हाचे सरपंच खुर्ची टाकून बसलेले, त्यांच्यामागे सगळा गाव. बुवांनी गौळण संपवली, ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि उचललं:

साकवासाठी नारळ फुटलं, मोजलं मी धा,
खोबऱ्याचा परसाद खावन व्हाळ पवत जा!

झीलकऱ्यांनी दुसरी ओळ तीनदा ओढली. मांडव एवढा हसला की नाच्यांचे पाय चुकले. सरपंच उठून गेले. त्यांच्या घरच्या वहिनी मात्र बायांमध्ये बसल्या होत्या, त्या पहाटेपर्यंत हलल्या नाहीत.

आता यात पाहा, नाव कुणाचं घेतलेलं नाही. शिवी नाही. नारळ मोजले आणि बेरीज सांगितली, एवढंच. दुसऱ्या दिवशी बुवांना त्याच गावातून चालायचं होतं, त्याच सरपंचांकडे दाखल्यावर सही मागायला जायचं होतं. ज्याच्यावर टोमणा मारला तो समोर बसलेला आहे आणि उद्या त्याच्याच विहिरीवर पाणी भरायचं आहे, हे ठाऊक असलेला माणूस शब्द तोलून घेतो. तो भित्रा होतो असं नाही. बुवांनी गाणं गायलंच. पण चुकीचा, फुकट दुखवणारा एक शब्द त्यात घातला नाही. टोमण्याच्या गाण्याची माझी परीक्षा आजही हीच आहे: हे गाणं त्या माणसाच्या तोंडावर गाता येईल का?

याच मापाने मी बाकीच्यांकडे पाहतो. प्र. के. अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची. आम्हाला हायस्कूलच्या गुरुजींनी त्यातली विडंबनं म्हणून दाखवली होती. आपल्याच काळातल्या, हयात असलेल्या कवींची ती थट्टा होती. मंगेश पाडगावकर तर आमच्या कोकणातलेच, वेंगुर्ल्याचा जन्म. हळवी भावगीतं लिहिणारा हाच माणूस वात्रटिका लिहितो, आणि १९७८ मध्ये ‘सलाम’सारखा संग्रह देतो, ज्याच्या नावाच्या कवितेत भित्र्या माणसाचा सलाम असा काही येत राहतो की हसता हसता आपलाच हात कपाळाकडे जातोय असं वाटतं. शाहीर साबळ्यांनी मुक्तनाट्यातून मुंबईतल्या मराठी माणसाच्या हालांवर जे केलं, ते चाकरमान्यांच्या तोंडून गावात आमच्यापर्यंत यायचं. रेडिओवर ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी होतेच. ही सगळी मंडळी मला जवळची, पण यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

‘वस्त्रहरण’बद्दल मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गंगाराम गवाणकर यांचं हे नाटक, आणि गवाणकर आमच्याच तालुक्यातल्या माडबनचे. १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि पुढे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले, लंडनपर्यंत गेलं. गावात द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवताना उडणारा गोंधळ, तोही मालवणीत. आमच्याकडे ते कॅसेटवरून आलं. टेपरेकॉर्डर पडवीत मधोमध, आणि भोवती सगळी वाडी.

माझी आजी ‘बटाट्याची चाळ’ला बेताचं हसायची. ‘वस्त्रहरण’ला तिने पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी. तिचा भाऊ तरुणपणी गावच्या नाटकात द्रौपदी व्हायचा. त्याने एका वर्षी मिशी काढायला नकार दिला होता, आणि पदराने अर्धं तोंड झाकून सगळा प्रवेश केला होता. आजी म्हणाली, “ह्यो आमचोच खेळ! ह्यांका कोणी सांगल्यान?” तोवर मुंबईला गेलेली आमची पोरं लोकलच्या डब्यात बोली लपवायची, कुणी ऐकेल म्हणून. त्या कॅसेटनंतर मी एसटीत आमच्याच गावच्या मुलांना मोठ्याने मालवणीतून संवाद म्हणताना ऐकलं. आपल्या बोलीवर हसणं वेगळं आणि आपल्या बोलीत हसणं वेगळं. दुसरं आम्हाला मच्छिंद्र कांबळींनी दिलं. २००७ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर दिवसभर तीच कॅसेट लावून ठेवली होती.

तुम्ही सुरुवात कुठून करावी? पुलंच्या आवाजातल्या ‘अंतू बर्वा’पासून करा. रत्नागिरी ही पुलंची सासुरवाडी, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं तिरकं बोलणं त्यांनी इतक्या मायेने पकडलंय की पुढे पुढे हसू येईनासं होतं. त्यानंतर ‘म्हैस’, कारण एसटीच्या प्रवासात आमची माणसं जशी वागतात तशीच तिथे वागतात. मग ‘वस्त्रहरण’, अख्खं, तुकडे तोडून नव्हे. तुकड्यांनी विनोद कळतो, गाव कळत नाही. आणि गणपतीत रत्नागिरी जिल्ह्यात आलात तर एक रात्र शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला बसा. हल्ली मोबाईलवर सामन्यांचे व्हिडिओ भरपूर मिळतात, पण समोरच्या रांगेत कोण बसलंय ते त्यात दिसत नाही, आणि निम्मं गाणं त्या रांगेत असतं.

बुवांचं पुढे काय झालं ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमच्या वाडीतले अकरा. बुवांनी काही महिने मुंबईत काढले, मग ट्रंक घेऊन गावी आले. त्या गणपतीत जाखडी होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. बुवा उभे राहिले. दोन ओळी मला अजून तोंडपाठ आहेत:

भोंगा मुका झाला, मंग घड्याळ घेतलं उधार,
वेळ दावतंय बराबर, पर दावीत नाय पगार.

या वेळी कुणी मोठ्याने हसलं नाही. मांडवातले अकराही जण खाली मान घालून बसले होते, आणि बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. झीलकऱ्यांनी ओळ ओढली, ढोलकी चालू राहिली, नाच थांबला नाही. असं गाणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

बुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या चार वह्यांपैकी एक त्यांच्या मुलाने मला दिली. बाकीच्या वाळवीने खाल्ल्या. गेल्या मे महिन्यात मी तिचं पान न् पान मोबाईलने फोटो काढून ठेवलं. त्रेचाळीस गाणी आहेत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बुवांनी ‘चाल’ लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन शब्द टाकलेत, त्यावरून बहुतेकांच्या चाली मी शोधून काढल्या. गिरणीच्या गाण्यावर मात्र तेवढंच लिहिलंय: ‘चाल – पडवीतली रेकॉर्ड’.

पडवीत रेकॉर्डी सात होत्या. तीन आज आहेत, त्यातल्या दोन दमटपणाने वाकल्या आहेत. त्यांच्यावरची गाणी मी दुसरीकडून मिळवली आणि प्रत्येकावर या ओळी बुवांसारख्याच पेरांवर मोजून म्हणून पाहिल्या. ‘उधार’पर्यंत येतं, पण ‘पगार’ला एक मात्रा उरते. त्या रात्रीचा एक झीलकरी नालासोपाऱ्याला मुलाकडे असतो. यंदा गणपतीला येणार आहे, त्याला विचारणार आहे.